विचारल्याशिवाय बोलायचं नाही

वर्लिन टॉस्ट्रुडनं शुक्रवारी दुपारी राजीनामा दिला. लोकांचे पैसे कुठे गुंतवायचे याचा सल्ला देणाऱ्यांच्या धंद्यात राजीनामा शुक्रवारीच देतात. पुढचे दोन दिवस कचेरी बंद, साहेब तळ्यावर गळ टाकून बसलेला, आणि तेवढ्या वेळात सोडून जाणारा माणूस आपल्या गिऱ्हाइकांना भराभर फोन करून "चला माझ्याबरोबर" म्हणून मोकळा होतो. वर्लिननं शुक्रवार बरोबर गाठला, पण फोन करायची त्याला सोय नव्हती.

"नीट ऐक," त्याची वकीलबाई रोंडा फिच म्हणाली. "तू सही केलेल्या करारात स्पष्ट लिहिलंय. जुन्या गिऱ्हाइकांना वर्षभर आपल्याकडे वळवायचं नाही. फोन नाही, पत्र नाही, त्यांच्या दारात जाणं नाही. बायकोच्या हातून निरोपसुद्धा नाही."

"आणि ते स्वतःहून आले तर?"

"आले तर आनंद आहे. त्यांनी विचारलं की खुशाल उत्तर दे. पण सुरुवात त्यांनी करायची. विचारल्याशिवाय तोंडातून कामाचा एक शब्द काढलास, तर कर्टिस पोल तुला कोर्टात खेचेल. अगदी सोपं आहे."

रोंडा न्यू जर्सीत वाढलेली. तिकडे लोक विचारतात. आमच्या टॅमरॅक फॉल्समध्ये कुणी कुणाला काही विचारत नाही. तुमच्या घराला आग लागली, तर शेजारी कुंपणापाशी येऊन "आज जरा उबदार वाटतंय, नाही?" एवढंच म्हणेल. सरळ प्रश्न विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या फ्रिजमध्ये डोकावणं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं आहे. हा सगळ्या मिनेसोटा राज्याचाच गुण आहे म्हणतात, पण आमच्या गावानं तो जरा जास्तच मनावर घेतलाय.

वर्लिन काही हौसेनं बाहेर पडला नव्हता. ओल्स्टाड अँड पोल या कंपनीत त्याची हयात गेली होती. म्हातारा ओल्स्टाड वारला आणि सगळा कारभार कर्टिस पोलच्या हातात आला. कर्टिसला घाई फार. गावातल्या विधवा बायकांच्या गळ्यात नको त्या योजना मारायचा त्यानं सपाटा लावला, आणि वर्लिनला ते बघवेना. शेवटी त्यानं आणि त्याची बायको डार्लानं राहतं घर गहाण टाकलं आणि हार्डवेअरच्या दुकानावरची जागा भाड्यानं घेतली. परवाना बदलून येईपर्यंत पाटी लावायला बंदी होती. जुनी गिऱ्हाइकं आली तर घर राहणार होतं, नाही आली तर घर जाणार होतं. आणि त्यांना बोलवायचं नव्हतं.

शनिवारी वाणसामानाच्या दुकानात हार्लन स्क्रॉग समोरून आला. दुग्धव्यवसायातला सधन माणूस, वर्लिनचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्याला बघताच वर्लिनच्या पोटात गोळा आला. तो पोट धरून बटाट्याच्या पोत्यांआड खाली बसला. हार्लननं ते पाहिलं. पण तो आपल्या गावचा माणूस. त्यानं टोपी सारखी केली, "बटाटे बरे आलेत यंदा," असं हवेत पुटपुटला आणि निघून गेला.

रविवारी चर्चमध्ये त्याहून कठीण प्रसंग. दारात उभं राहून प्रत्येकाशी हस्तांदोलन करायचं काम गेली कित्येक वर्षं वर्लिनकडे होतं. येणाऱ्यांतले निम्मे त्याची गिऱ्हाइकं. हात हातात घेऊन "या, या" म्हणणं हे कायद्यात बसतं का, हे रोंडाला विचारायचं राहून गेलं होतं. वर्लिननं दोन्ही हात खिशात घातले, ओठ घट्ट मिटले आणि दाराला टेकून उभा राहिला. त्या ताणानं त्याच्या कपाळावर घाम आला. रंग तर त्याचा मुळातच फिकट.

अर्लिस बुग्गे या बाईंनी ते बघितलं. गावात कोण कधी आजारी पडणार हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळतं, असा त्यांचा लौकिक आहे.

"तडकाफडकी नोकरी सोडली," चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता त्या म्हणाल्या. "कुणाशी बोलत नाही. हात मिळवत नाही. का? तर जंतू लागू नयेत. आता मी काही बोलत नाही, मला आपलं दिसलं ते सांगितलं."

"दुकानात पोट धरून खाली बसला होता," हार्लन म्हणाला.

"पोटाचंच असणार! मी काही बोलत नाही."

त्या काही बोलल्या नाहीत आणि सोमवारी दुपारपर्यंत अख्ख्या गावाला कळलं की बिचारा वर्लिन आता फार दिवसांचा सोबती नाही.

अशा वेळी आमच्याकडे काय करायचं ते ठरलेलं आहे. खिमा, डबाबंद मश्रूमचं सूप आणि वरून बटाट्याचे गोळे असं भांड्यात रचून ओव्हनमध्ये भाजायचं. त्याला हॉटडिश म्हणतात. ती दुःखी घराच्या दारात नेऊन द्यायची. भांडं परत मिळावं म्हणून त्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून तिच्यावर आपलं नाव लिहायचं. सांत्वनाचे शब्द बोलावे लागत नाहीत, हा या पदार्थाचा सगळ्यात मोठा गुण. चवीबद्दल मी काही म्हणत नाही.

पहिलं भांडं अर्थात अर्लिसबाईंचं. वर्लिननं दार उघडलं. गिऱ्हाईक स्वतःच्या पायानं दारात आलेलं! आता फक्त त्यांनी विचारायचं होतं.

"तू फार धीराचा आहेस, वर्लिन," अर्लिसबाई म्हणाल्या.

त्याला वाटलं, नोकरी सोडल्याबद्दलच म्हणताहेत. "दुसरा काही इलाजच नव्हता, मिसेस बुग्गे."

"नव्हता," बाईंनी दबक्या आवाजात री ओढली.

"सगळे उपाय करून बघितले. शेवटी सोडायचं ठरवलं. एक वर्ष जड जाणार आहे. वर्ष संपलं की मग मोकळा!"

बाईंनी तोंडावर रुमाल धरला. एवढ्या हसतमुखानं मरणाबद्दल बोलणारा माणूस त्यांनी बघितला नव्हता. "डार्लाचं काय?" हे त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण विचारायचं कसं? "ओव्हनमध्ये झाकून गरम कर," असं म्हणून त्या डोळे पुसत पायऱ्या उतरल्या.

"रडत गेल्या," वर्लिन घरात येऊन म्हणाला. "माझ्यावर एवढी माया असेल असं वाटलं नव्हतं."

"काही विचारलं का?" डार्लानं विचारलं.

"नाही. पण मनात आहे त्यांच्या. उद्या विचारतील."

दुसऱ्या दिवशी भांडी आली, तिसऱ्या दिवशीही आली. हॉटडिश आल्या, गाजर घातलेली जेली आली, लिंबाच्या वड्या आल्या. फ्रिज भरला, गॅरेजमधला फ्रीझर भरला. नवरा-बायको तिन्ही त्रिकाळ बटाट्याचे गोळे खात होते. माणसं दारात येत, डोळ्यांत पाणी आणत, हवापाण्यावर बोलत आणि जात. प्रश्न कुणीच विचारत नव्हतं.

दारासमोरची मोटारींची रांग कर्टिस पोलनं बघितली आणि त्याला वेगळाच वास आला. इकडे वर्लिनच्या जुन्या गिऱ्हाइकांना त्याचे फोनवर फोन चालू होते. "आता तुमचं सगळं मी बघेन," असं तो सांगत होता. पलीकडून फक्त हुंदका ऐकू यायचा आणि फोन बंद व्हायचा. वर्लिननं सगळ्यांना फितवलं, अशी त्याची खात्री पटली. गुरुवारी त्याच्या वकिलाची नोटीस आली.

"तुझ्या घरी गिऱ्हाइकांची यादी आहे, असं ते म्हणतात," रोंडा फोनवर ओरडली. "तू कचेरीतून कागद उचलून आणलेस?"

"पेन्सिलसुद्धा आणली नाही! यादी कसली?"

"चिकटपट्टीवर लिहिलेली नावं, खिडकीतून दिसली, असं म्हटलंय. हा काय प्रकार आहे?"

वर्लिननं स्वयंपाकघरात नजर टाकली. ओट्यावर, टेबलावर, खुर्च्यांवर, धुऊन पालथी घातलेली भांडी होती. बुग्गे, स्क्रॉग, हाल्वरसन, टीयेन. जुन्या कचेरीतलं त्याचं कपाटच जणू घरी चालत आलं होतं.

"ती भांडी आहेत, रोंडा. हॉटडिशची."

रोंडानं "हॉटडिश" हा शब्द दोनदा म्हणून बघितला. मग म्हणाली, "परत कर. ताबडतोब."

"परत करायची म्हणजे दारात जावं लागेल."

"दारात जायचं नाही!"

"मग डार्लाला पाठवू?"

"बायकोलाही नाही! पोस्टानं... नको, पोस्टानंही नको, तो पत्रव्यवहार होईल. ती अंगणात मांडून ठेव. ज्याचं त्यानं न्यावं. वर काही लिहू नकोस. आणि तुझा परवाना आज आलाय, अभिनंदन!"

शनिवारी सकाळी डार्लानं हिरवळीवर लांब टेबलं मांडली, त्यांवर सगळी भांडी ठेवली आणि मधोमध कॉफीचं मोठं पात्र. गावानं खिडक्यांतून ते बघितलं आणि गावाच्या काळजाचं पाणी झालं. अंगणात टेबलं मांडली म्हणजे घरातलं सामान विकायला काढलं, असं आमच्याकडे समजतात. संसार विकायला काढला! अजून माणूस हिंडतो-फिरतो आहे, तोवरच!

मदत नको का करायला? तासाभरात अंगण भरलं. हार्लन स्क्रॉगनं समोरचं पहिलं भांडं उचललं आणि डार्लाच्या हातात वीस डॉलर कोंबले.

"अहो, पैसे कसले?" डार्ला म्हणाली.

"राहू दे. उपयोगी पडतील," हार्लन दुसरीकडे बघत म्हणाला.

ते भांडं अर्लिस बुग्गेंच्या आजीचं होतं, नॉर्वेहून आलेलं. बाईंना ते हार्लनच्या काखेत दिसलं. पण पैसे देऊन घेतलेल्या माणसाला "ते माझं आहे" असं कसं म्हणायचं? त्यांनी चरफडत हाल्वरसनांचं भांडं विकत घेतलं. हाल्वरसनांनी टीयेनांचं घेतलं. ज्यानं त्यानं दुसऱ्याचं भांडं पैसे देऊन घेतलं आणि स्वतःच्या भांड्याकडे आशाळभूतपणे बघत उभा राहिला. वर्लिन पायरीवर बसून हे बघत होता. पन्नास गिऱ्हाइकं अंगणात आहेत आणि एकाच्याही तोंडून प्रश्न निघत नाही, या विचारानं त्याला खरोखरच बरं वाटेनासं झालं. घर आता गेलंच, असं त्याच्या मनानं घेतलं.

तेवढ्यात कर्टिस पोल आला. त्याच्या हातात फोन होता आणि तो चित्रीकरण करत होता. कुणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही. सरळ टेबलापाशी गेला आणि एकेक भांडं उलटं करून बुडाची नावं टिपायला लागला.

मरणाऱ्या माणसाच्या अंगणात येऊन भांड्यांची बुडं बघायची! अर्लिस बुग्गेंच्या आत काहीतरी तुटलं. त्या पुढे झाल्या, आणि सगळ्या हयातीत केलं नव्हतं ते त्यांनी केलं.

"कर्टिस, हे काय चाललंय तुझं?"

त्यांनी चक्क प्रश्न विचारला. मागे कुणाच्या तरी हातातला कप खाली पडला.

"काय चाललंय? पुरावा गोळा करतोय!" कर्टिस उसळला. "हा माणूस तुम्हाला सगळ्यांना पळवून नेतोय!"

"कुठे नेतोय? तोच बिचारा चाललाय! थोडी तरी लाज..."

"चाललाय कुठला! हार्डवेअरच्या दुकानावर नवी कचेरी थाटलीय त्यानं! जिना चढलात की डाव्या हाताला! सोमवारपासून उघडणार आहे, सकाळी! मला सगळं ठाऊक आहे!"

एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते कर्टिसच्या ध्यानात आलं. तो घाईनं फोन बंद करू लागला, पण बोट भलतीकडेच पडलं, आणि चित्रीकरण चालूच राहिलं.

अर्लिसबाई हळूच वर्लिनकडे वळल्या. एकदा विचारून बघितल्यामुळे त्यांना आता चटक लागली होती.

"वर्लिन, तू आजारी नाहीस?"

"नाही, मिसेस बुग्गे. हॉटडिशनं थोडं जड झालंय, एवढंच."

गाव चिडेल असं मला वाटलं होतं. एवढे अश्रू, एवढा खिमा! पण हार्लन स्क्रॉगनं टोपी काढून डोळे पुसले, आणि दोन-तीन जण वर्लिनच्या पाठीवर थाप मारून गेले. आमच्याकडे ही मिठी मारल्यासारखीच समजावी.

"मग, त्या नव्या जागेत," अर्लिसबाई म्हणाल्या, "माझं खातं आणायचं असलं, तर आणता येईल का?"

आला! प्रश्न आला! वर्लिन पायरीवरून उठला. तोंड उघडलं, आणि त्यातून काय बाहेर पडावं? कोणी काही देऊ केलं की आमच्याकडे जे आपसूक बाहेर पडतं, तेच.

"छे छे, कशाला उगाच तुम्हाला तसदी!"

डार्लानं कपाळावर हात मारला.

"तसदी कसली?" बाई म्हणाल्या. "मला आणायचंय."

"नको, नको. जिना आहे. तुमचे गुडघे..."

"वर्लिन, मी येणार."

दोनदा नको म्हणून झालं होतं. तिसऱ्यांदा नको म्हणणं हा आमच्याकडे अपमान होतो. "बरं, तुमचा एवढा आग्रहच असेल तर," वर्लिन म्हणाला.

मग हार्लननं विचारलं, त्यालाही दोनदा नकार मिळाला. हाल्वरसनांना मिळाला, टीयेनांना मिळाला. एकामागून एक माणसं वर्लिनपाशी येत होती, आणि तो घाम पुसत प्रत्येकाला "नको हो, राहू द्या" म्हणत परतवून लावत होता. ते सगळं, आवाजासकट, कर्टिसच्या फोनवर नीट उमटत होतं. पुढं रोंडानं तेच चित्रीकरण कर्टिसच्या वकिलाकडून मागवून घेतलं. गिऱ्हाईक यायला धडपडतंय आणि सल्लागार हात जोडून नको म्हणतोय, असा बचाव तिच्या कारकिर्दीत तिला मिळाला नव्हता. प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच नाही.

पण त्या सकाळी कर्टिस टेबलापाशी एकटाच उभा होता. त्याच्या हातात कुणाचं तरी पालथं भांडं होतं. तोही गावचाच. रागावून निघून जाणंही त्याला जमत नव्हतं. डार्ला कॉफीचा कप भरून त्याच्यापुढे गेली.

"घे, कर्टिस. कॉफी."

"नको, नको. निघालोच होतो."

"थोडी तरी घे."

"छे, तुला उगाच त्रास," कर्टिस म्हणाला आणि हात किंचित पुढे करून थांबला.

"बरं," डार्ला म्हणाली, आणि तो कप तिनं अर्लिसबाईंना नेऊन दिला.