हूफडॉर्प मुक्कामी शून्याचा पाडाव

समुद्राच्या पातळीखालील मुलूख, जेथे पाणी वरती आणि माणसे खालती, ऐसा जो हूफडॉर्प परगणा, तेथे कचेरीच्या चौथ्या मजल्यावर जो रणसंग्राम जाला त्याची हकिकत ऐसी. पदरचे काही घातले नाही. जे घडले ते मुळातच पुरेसे होते.

राजश्री ऋषभराव, मूळ वतन पुणे, हाली वस्ती नीउ-व्हेनेप, हे सॉफ्टवेअरचे सरदार. सरदारकी सालभराच्या कराराची. करार कायम जाला तर राहण्याचा परवाना कायम, आणि परवाना राहिला तर आसावरीबाईंनी खिडकीत जिवापाड जपलेला कढीपत्ता राहणार. नाही तर पती, पत्नी आणि कढीपत्ता, तिघांनी पुण्याचे विमान धरावे, ऐसा बिकट प्रसंग.

त्या मुलखी रस्त्यांहून कालवे फार, सबब मुलांस पोहणे शिकविल्याविना आईबापांस झोप नाही. त्या शिकवणीची नोंदणी करणारे वेबॲप हीच या कचेरीची दौलत. नोंदणी उघडताच आईबापांच्या फौजा लोटत आणि मग पान लवकर उघडेना, ऐसा बोभाटा होई. सबब मुख्य अधिकारी मार्लेनबाई, सायकलीवर स्वार, बोलणे सरळ, यांनी फर्माविले की पान उघडण्यास किती वेळ लागतो हे क्षणोक्षणी मोजून साठवावे आणि त्याचा आलेख दाखवावा. आलेखाचा भरवसा आला तर ऋषभरावांस कायम करण्याची तजवीज होईल.

संहिताबाई, एनस्खेडेच्या विद्यापीठात तालीम घेऊन आलेल्या, यांची मसलत पडली की ऐशा मोजमापासाठी निराळे डेटाबेस असतात. ऋषभरावांनी मनसुबा केला की नवी कुमक कशास, आपले सर्च इंजिन दारी बसूनच आहे, शब्द धुंडाळते ते आकडेही सांभाळील. बाई इतकेच म्हणाल्या, "हलवायाकडे दाढी करायला चाललायस तू."

मग दसऱ्याचा मुहूर्त पाहून ऋषभरावांनी सायकल-स्टँडच्या खांबावर नारळ फोडला, त्याचे पाणी मार्लेनबाईंच्या सीटवर उडाले ते कोणी पाहिले नाही, आणि मग वर येऊन सर्च इंजिनात पहिला आकडा दस्तुरखुद्द घातला. त्यामागून खऱ्या मोजमापाचे सैन्य आपोआप दाखल होऊ लागले.

आलेख उमटला तो, आरंभीचा एक ठिपका वगळता, शून्य. सकाळी शून्य, दुपारी शून्य, गर्दी लोटली तरी शून्य. ऋषभरावांस परमसंतोष जाला की आपले पान वेळच घेत नाही. घरी खबर धाडली, आणि आसावरीबाईंनी कढीपत्त्यास मोठी कुंडी आणविली.

इकडे मार्लेनबाईंनी भोजनसमयी एका हाती चीजचा पाव आणि दुसऱ्या हाती फोन घेऊन नोंदणीचे पान उघडावयास घेतले. तोंडातला घास संपला, पान उघडेना. मग हुकूम जाला, "ऋषभ, तुझा आलेख म्हणतो शून्य. माझा पाव म्हणतो नाही. सोमवारी मला खरं काय ते सांग."

सरदार हवालदिल. संहिताबाईंनी खुर्ची ओढली आणि चौकशी मांडली.

"पहिली नोंद कुणाची?"

"माझी."

"किती घातलेस?"

"अकरा."

"अकरा काय? सेकंद?"

"नाही गं. शुभ."

बाईंनी कपाळास हात लाविला. त्या इंजिनाचा रिवाज ऐसा की रकाना कोणत्या जातीचा हे आधी कोणी सांगितले नाही तर पहिला पाहुणा पाहून ते आपणच ठरवावे. पाहुणा आला अकरा, पूर्णांक. मग रकाना पूर्णांकांचा ठरला, आणि पुढे जो पाऊण सेकंद आला त्याचा अपूर्णांक वेशीवरच छाटून शून्य करून आत घेतला. एक पान उघडण्यास बारा ठाण्यांवर, म्हणजे निरनिराळ्या सर्व्हरांवर, जावे लागे, दर ठाण्यास पाऊण सेकंद, आणि नोंद दर ठाण्याची निराळी. बारा पाऊणे नऊ हे शाळेतले पोरही सांगेल. परंतु बारा शून्ये शून्यच.

एकदा ठरलेली जात बदलत नाही, हाही रिवाज. परंतु आलेला मूळ कागद जसाचा तसा तळघरात जपून ठेवणे, हाही त्याच इंजिनाचा रिवाज, आणि तेथे दौलत वाचली. मग त्याच इंजिनात आकड्यांसाठी नवा गड बांधिला, या रकान्यात अपूर्णांक राहतील ऐसा लेखी करार आरंभीच केला, आणि तळघरातील सारी रयत नव्या गडी हलविली. वेशीतून प्रथम मात्र ऋषभरावांनी जुन्या अकराच्या जागी, त्याच मुहूर्ताची वेळ घालून, हातानेच एक आकडा सोडिला. बाई म्हणाल्या, लेखी दिलेय, आता गरज नाही. राव म्हणाले, असू दे.

सोमवारी दरबार भरला. आलेखावर नऊ. ऋषभरावांनी उभे राहून अर्ज केला की पान नऊ सेकंद घेते, शून्य ही आपलीच चूक, आणि वेळ कोणत्या ठाण्यांवर जातो ते आता दिसते आहे.

मार्लेनबाईंनी आलेख जवळ ओढला. "वाईट आहे," त्या म्हणाल्या. "पण खरं आहे. कराराचं मी बघते." मग आलेखाच्या अगदी आरंभी, कोणी आईबाप यावयाच्या आधी, एकटाच उभा एक ठिपका होता त्यावर बोट ठेवून पुसिले, हा कोण.

"सव्वा," ऋषभराव म्हणाले. "शुभही आहे, आणि अपूर्णांकही."

येणेप्रमाणे शून्याचा पाडाव होऊन नऊचा अंमल बसला, ऋषभराव कायम जाले, कढीपत्ता मोठ्या कुंडीत कायम जाला. मार्लेनबाईंची सीट चिकट कशाने जाली याचा तपास मात्र अद्याप चालू असे, आणि तो तपास कामात तरबेज म्हणून ऋषभरावांकडेच सोपविला आहे.