घाण्याचा गवा आणि ढकलणारं गाढव

एका जंगलात, बाळांनो, विजेची तार पोचायच्या फार आधी, तेलाचा एक घाणा होता. तेल सिंहमहाराजांच्या भज्यांसाठी. भज्यांचा नाद लागल्यापासून महाराजांनी शिकार सोडली होती. त्यामुळे घाणा बंद पडू नये, असं सगळ्यांनाच अगदी मनापासून वाटे.

घाणा गवा ओढायचा. भोवतीच्या झाडांवर वानरं गोल बसत. एकाने हिरवी पेंढी खाली सोडायची, त्याने वर घेतली की शेजारच्याने आपली सोडायची. गव्याला वाटे, एकच पेंढी गोल पळते आहे. तो तिच्यामागे जाई. ओझं हलकं असो की जड, चाल पेंढीचीच.

सकाळी मात्र पंचाईत होई. उभ्या गव्याने पाय उचलेपर्यंत पेंढी पुढे निघून जाई. तो जागच्या जागी नुसता थरथरे. म्हणून एक गाढव त्याला मागून ढकलत असे. चाल जमली की गाढव सावलीत जाऊन बसे.

महाराजांच्या वाढदिवशी नवा कारभारी कोल्हा पाहणीला आला.

"हे गाढव नुसतं बसून खातं!" तो म्हणाला. गाढवाला नारळ मिळाला.

मग जास्त तेल निघावं म्हणून त्याने घाण्याच्या लाकडावर दगड ठेवला. गव्याची चाल तीच. आणखी एक ठेवला. चाल तीच.

"कोल्होबा, पेंढी नाकापासून लांब चाललीय हो," गवा म्हणाला.

"फेरे तेवढेच होतायत ना? मग कुरकुर कसली?"

तिसऱ्या दगडाला नाकाची आणि पेंढीची ताटातूट झाली. गवा अडखळला आणि थांबला. वानरांनी पेंढ्या जिवाच्या आकांताने नाचवल्या. गवा थरथरत उभा.

महाराजांनी रिकाम्या कढईकडे पाहिलं. मग गव्याकडे. मग, बाळांनो, कोल्ह्याकडेही.

कोल्हा धावत सुटला आणि गाढवाला हातापाया पडून घेऊन आला.

"आधी दगड उतरवा," गाढव म्हणालं. मग त्याने गव्याला ढकललं. चाल जमली, घाणा फिरला, भजी तळली. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

प्रसंगावधानाबद्दल महाराजांनी शाल-श्रीफळ दिलं. कोल्ह्याला. गाढवाला दोन गार भजी मिळाली.

शाल पांघरून कोल्हा घाण्यापाशी आला. गवा पहिल्यासारखाच चालत होता.

"ठणठणीत आहे की!" कोल्हा म्हणाला. "ते दगड कुठे ठेवलेत रे?"

पुढे माणसांनी अशीच, ओझं वाढलं तरी एकाच ठरल्या चालीने फिरणारी, एक मोटर बनवली. वानरांच्या जागी विजेचं फिरतं चुंबक घातलं, गव्याच्या जागी लोखंडी चाक. कोल्हा बदलायची गरज पडली नाही.

तात्पर्य: ओझं वाढलं की चाल मंद करावी, कण्हावं, जमल्यास मधेच बसावं. जो ठरल्या चालीने चालत राहतो, त्याच्यावर अजून एक दगड मावतो असंच लोक धरून चालतात.