बटणं धरून बसलेले मल्लूअण्णा

मल्लूअण्णांच्या प्रोग्रामनं मला नोकरीच्या पहिल्याच सकाळी दचकवलं. मी दुसरंच काही उघडून बँकेचं पत्र टाइप करत होते. चुकून एफ-पाच दाबलं गेलं मात्र, पत्र गायब आणि पडदाभर प्रश्न: 'गुळाचे रवे किती?' मी खुर्ची सरकवून उभीच राहिले.

"घाबरताय कशाला, बाई? आपलाच प्रोग्राम हाय की," अण्णा पलीकडून म्हणाले.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. शाहूपुरीत खाली अण्णांचं ऑफिस, वर घर. गुळाच्या अडत्यांसाठी ते बिलाचे प्रोग्राम लिहायचे; बिल रव्यांवर, म्हणजे गुळाच्या ढेपांवर, व्हायचं. अडत्या संगणकावर पत्ते का खेळत असेना, बटण दाबताच अण्णांचा प्रोग्राम समोर उभा राहिला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी प्रोग्राम सुरू होतानाच विंडोजकडून बटणं मागून घ्यावी लागतात. ती बेतानं मागावीत, काम संपलं की परत करावीत, अशी रीत. अण्णांनी एफ-दोनपासून एफ-नऊपर्यंत सगळी ओळच धरून ठेवली होती.

एका अडत्याच्या घरी मुलीची लग्नपत्रिका टाइप होत होती. वधूच्या नावावर रवे उगवले, तसे ते गृहस्थ खांद्यावरच्या पंच्यासकट ऑफिसात येऊन थडकले. अण्णांनी त्यांनाच चहा पाजला आणि शुभकार्यात गूळ निघाला म्हणजे शकुन चांगला, अशी समजूत घालून परत पाठवलं.

एखादं बटण दुसऱ्या प्रोग्रामनं आधीच घेतलं असेल तर विंडोज नकार देतं. तो नकार तपासायला दोन ओळी लिहाव्या लागतात. अण्णा त्या लिहीत नसत. मी फार मागं लागले तेव्हा ते म्हणाले, "मला कोण न्हाय म्हणतंय?" खरंच, त्यांच्या आवाजापुढं गल्लीत कुणी नाही म्हणत नसे.

एफ-आठ मात्र कशासाठी धरलंय ते मला कळेना. बिलात त्याचा काही उपयोग नव्हता. अण्णांच्या संगणकावर अधूनमधून घंटी वाजायची आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी ते उठून वर जायचे. पाणी आलंय का बघतो, म्हणायचे. वर त्यांच्या पत्नी असायच्या, पण मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, काकू जरा शिष्ट असाव्यात.

एके दुपारी वर गाणं सुरू झालं. थांबलं. पुन्हा सुरू झालं. प्रत्येक वेळी पहिली ओळच. अण्णा खुशीत होते. सकाळी भाचा येऊन वरच्या संगणकावर गाण्यांचा नवा प्रोग्राम घालून गेलाय, म्हणाले. मला फोनवर गिऱ्हाईकाचं बोलणं ऐकू येईना, म्हणून आवाज कमी करा सांगायला मी वर गेले आणि दारातच गोठले.

काकू जमिनीवर पडल्या होत्या. उजवं अंग निर्जीव. वायरीला धरून त्यांनी कीबोर्ड खाली ओढला होता आणि डाव्या हातानं त्या एफ-आठ दाबत होत्या. तोंड हलत होतं, शब्द नव्हता. दर दाबण्याला गाणं सुरू होत होतं, बंद पडत होतं.

मी ओरडले. अण्णा धावत वर आले, काकूंना उचलून खुर्चीत बसवलं, हातपाय चाचपून पाहिले. सुदैवानं फक्त खरचटलं होतं. मग मला सगळं सांगितलं. पूर्वीच आलेल्या अर्धांगवायूनं काकूंची वाचा गेली होती. वेळ जावा म्हणून त्या संगणकावर काहीबाही करत बसत. त्या संगणकावरही अण्णांचा प्रोग्राम होता; समोर काहीही उघडं असलं तरी एफ-आठ दाबलं की जिन्यातल्या वायरीतून खाली घंटी वाजायची. आज ते बटण गाण्यांच्या प्रोग्रामनं आधी पटकावलं होतं.

"नकार आलता," अण्णा म्हणाले. "मी बघितलाच न्हाय."

त्यांचा इतका हलका आवाज मी तोवर ऐकला नव्हता. मग ते काकूंशी कानडीत काहीतरी बोलत राहिले. काकूंनी मान हलवली, कीबोर्ड जवळ ओढला आणि एकेक अक्षर शोधत पडद्यावर काहीतरी लिहिलं. अण्णांनी ते वाचलं.

"तुमच्यासाठी चहा करा म्हणतीय," ते म्हणाले आणि आत गेले.

मी काकूंजवळ बसले. गॅस पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं चहा उतू गेल्याचा वास आला. अण्णा मात्र बराच वेळ बाहेर आले नाहीत.