हेनिंगचं खारं पाणी

फ्रीज उघडला आणि हेनिंग ब्रोडरसनच्या तोंडचं पाणी पळालं. फ्रीजमधलं तर आधीच पळालं होतं.

नमुना जागेवर होता. इवल्याशा नळ्या, बर्फात निजवलेल्या, प्रत्येकीच्या अंगावर नावगावाची चिठ्ठी. आत होतं एक प्रोटीन. ते शुद्ध करण्यात हेनिंगचा अख्खा हिवाळा गेला होता. पहिलटकरणीला जपावं तसं जपलं होतं त्याने: गरम होऊ दिलं नाही, हिंदकळू दिलं नाही. उद्या सकाळी हॅम्बुर्गच्या दुसऱ्या टोकाला ते क्ष-किरणांच्या झोतात धरायचं. ही पाळी हुकली तर पुढची पुढच्या वर्षी, आणि हेनिंगची नोकरी त्याआधीच संपत होती.

"गेसाबाई! इथली मोठी बाटली कुठाय?"

गेसा क्लासन प्रयोगशाळा सांभाळायची. म्हणजे प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांना सांभाळायची. "कसली बाटली?"

"खालच्या कप्प्यातली. पाण्यासारखं होतं त्यात."

"ओतलं."

"ओतलं?"

"चिठ्ठी नव्हती. बिनचिठ्ठीचं सगळं शुक्रवारी सिंकमध्ये. नियम कुणाचा रे बाळा?"

नियम हेनिंगचाच. फ्रीजच्या दारावर, प्लास्टिकचं आवरण घालून, त्याच्याच सहीने. वर दंडही ठेवलेला: ज्याची बाटली बिनचिठ्ठीची सापडेल, त्याने घरी केक भाजून सगळ्यांना खिलवायचा. इतरांचे केक त्याने आजवर न्यायाधीशाच्या चेहऱ्याने खाल्ले होते. स्वतःच्या बाटलीला चिठ्ठी कशाला? राजाच्या घोड्याला कुणी परवाना विचारतं का?

पाणी गेलं तर नवं करावं, असं आपल्याला वाटणार. पण ते क्ष-किरणांचं यंत्र भलतं नखरेल. आधी प्रोटीनसकट पाणी मोजणार, मग नुसतं पाणी, आणि एकातून दुसरं वजा करणार. उरेल ते प्रोटीन. म्हणून प्रोटीन रात्रभर ज्या खाऱ्या पाण्यात भिजलं, तेच बाटलीतलं पाणी हवं. चिमूटभर मीठ इकडचं तिकडे झालं, की वजाबाकी बोंबलली.

तरी हेनिंगने नवं पाणी केलंच. मग किरण-केंद्रावरच्या आन्त्येला फोन लावला. "अगदी तसंच केलंय गं."

"अगदी तसंच म्हणणारे सगळे इथून नाक पुसत जातात. आधीचं कुठाय?"

"ओतलं गेलं. नियमाप्रमाणे."

"मग उद्या नियमच घेऊन ये, तोच धरू झोतात." मग तिनेच विचारलं. "भिजवल्यावर प्रोटीन आटवलंस ना? गाळणीच्या नळीत घालून फिरवलंस ना? मग खाली गळलेलं पाणी कुठाय? तेच की ते, गाढवा!"

गळलेलं पाणी! ते कुणी ठेवतं होय? हेनिंगने कचऱ्याचा डबा उपडा केला आणि गुडघे टेकून फाटके हातमोजे चिवडायला लागला. विद्यापीठाने याच हातांना डॉक्टरेट दिली होती.

"काय शोधतोयस? केकची कृती?" गेसाने विचारलं.

"आटवताना गळलेलं पाणी. एका नळीत होतं."

गेसाने फ्रीज उघडला, मागच्या कोपऱ्यातून नळी काढून त्याच्या नाकासमोर धरली. "ही होय? हिला नाही हात लावला. हिला चिठ्ठी आहे."

सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं: हेनिंग ब्रोडरसन, तारीख, आणि खाली 'कचरा'.

"म्हणजे," गेसा म्हणाली, "कचऱ्याला नाव ठेवलंस आणि लेकराला बेवारस सोडलंस."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर रेघ अशी स्वच्छ उतरली, की आन्त्येनेही भुवया उंचावल्या. वर ठळक अक्षरात तिने नळीवरून जसंच्या तसं टाइप केलं होतं: 'प्रोटीन वजा कचरा'. नोकरी वाचवणारा कागद प्राध्यापकांकडे गेला तो याच नावाने.

सोमवारी केक आला. सफरचंदाचा, वरून सोनेरी, खालून कोळसा. ताटलीला चिठ्ठी: नाव, तारीख, 'केक'.

"लिहिलंस ते बरं केलंस," गेसा म्हणाली. "नुसतं बघून कुणाला कळलं नसतं. चला रे, वजाबाकी करून खा."

सगळ्यांनी खालचा थर खरवडला, वरचा मिटक्या मारत संपवला. काळ्या चुऱ्याचा ढीग हेनिंग डब्यात टाकायला निघाला, तर गेसाने ताटली काढून घेतली, तिच्यावर हेनिंगच्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि खाली 'कचरा' लिहून ती खाऊच्या फ्रीजमध्ये ठेवली.

"असू दे. तुझं काय कधी उपयोगी पडेल, सांगता येत नाही."