फिलाडेल्फियाचं पत्र लालबागला

मोबाइलवर दोन निळ्या खुणा उमटल्या आणि माटुंग्याच्या चिंतामणरावांनी वरचं नाव पाहिलं. जे पत्र संपादक सुभेदारांना जायचं, ते गेलं होतं सुभद्राबाईंना. लेकीच्या सासूला!

पत्र खरं तर चिंतामणरावांचं नव्हतंच. अमेरिका स्वतंत्र झाली त्या काळातल्या एका मुत्सद्द्याच्या खासगी पत्रांचा ते अनुवाद करत होते. हे त्याने एका मैत्रिणीला लिहिलेलं. ‘प्रिय सखी, तुम्ही गेलात आणि माझा दिवाणखाना ओस पडला. आता संध्याकाळ खायला उठते...’

त्यांनी घाईघाईने ते पुसलं. पुसलं गेलं फक्त त्यांच्याच फोनमधून.

दुपारी लालबागहून लेकीचा, नूपुरचा फोन.

“बाबा, आईंना काय पाठवलंत तुम्ही?”

“का गं?”

“त्यांनी ते अण्णांना मोठ्यांदा वाचून दाखवलं. तेव्हापासून दोघं बोलत नाहीयेत. सकाळपासून गॅस पेटलेला नाही. तुम्ही आधी इकडे या!”

अण्णा म्हणजे व्याही गणपतराव. गिरणीत असताना कापडाच्या गाठी एकट्याने उचलायचे. त्यात चिंतामणराव विधुर. म्हणजे प्रकरण दिसायलाही वाईटच. मूळ इंग्रजी पुस्तक छातीशी धरून ते टॅक्सीत बसले. लालबागला जिना चढून त्यांनी कडी वाजवली.

दार सुभद्राबाईंनीच उघडलं.

“विहीणबाई, ते पत्र माझं नाही! तो माणूस मरून दोनशे वर्षं झाली!” चिंतामणराव उंबऱ्यातूनच ओरडले.

“म्हायत आसा. तुमी माटुंग्याक ऱ्हवतात, आणि खाली फिलाडेल्फिया लिवलेला आसा.” सुभद्राबाईंनी नवऱ्याकडे बोट केलं. “पण मेलेलो माणूस असा लिवता, आणि बेचाळीस वर्षांत ह्यांची एकच चिठ्ठी. ‘उशिरा येईन, दार लावून घे.’ माका पत्र मिळाल्याबिगर मी रांधूचंय नाय!”

कोपऱ्यातून गणपतराव उठले. त्यांनी चिंतामणरावांच्या खांद्यावर पंजा ठेवला, त्यांना गॅलरीत नेलं आणि दार ओढून घेतलं. चिंतामणरावांनी डोळे घट्ट मिटले.

“व्याहीबुवा,” गणपतराव हळूच म्हणाले, “जरा बघा मां.”

चिंतामणरावांनी एक डोळा उघडला. समोर वहीचं चुरगळलेलं पान होतं.

‘प्रति, सौ. सुभद्रा गणपत पालव. विषय :’

पुढे कोरं.

“सकाळधरून हयसरच आडकलंय,” गणपतराव कुजबुजले. “विषय काय टाकू?”