चांदरी म्हशीचा तापलेला लॅपटॉप

एका जंगलात एक सिंह राजा होता. जंगल म्हटलं की सिंह असायचाच, बाळांनो, त्याला माझा इलाज नाही. पुढे ऐका.

या सिंहाची मोठी कचेरी होती. एका गुहेत सगळी जनावरं कामाला येत. पण एक अडचण होती. सकाळच्या हजेरीला चाळीस जनावरं असत आणि संध्याकाळी अडतीसच भरत. मधल्या वेळेत महाराजांचं जेवण होई.

"महाराज, कामावर परिणाम होतो," कोल्हा कारभारी एकदा म्हणाला. "शेजारचं हरीण जेवणाच्या सुट्टीनंतर दिसलं नाही, की बाकीच्यांचं कामात लक्ष लागत नाही."

मग सिंहाने हुकूम काढला. आजपासून सगळ्यांनी घरून काम करायचं. प्रत्येकाला कचेरीकडून एकेक लॅपटॉप मिळाला. सोबत कोल्ह्याचं परिपत्रक होतं. त्यात लिहिलं होतं, "हे यंत्र कचेरीच्या मालकीचे आहे. ते स्वतःच्या जिवासारखे जपावे. तापू देऊ नये. बिघडल्यास नोकरी जाईल."

आता आपली चांदरी. चांदरी ही एक म्हैस. कपाळावर पांढरा चांद, म्हणून चांदरी. कुठल्या कुरणात किती गवत उरलंय ते रोज लिहून पाठवायचं, एवढंच तिचं काम. त्याबद्दल कचेरीने तिला राहायला एक डबकं दिलं होतं. नोकरी आहे तोवर डबकं. नोकरी गेली की डबकं रानडुकरांना. ती काठावर बसून वाटच बघत होती मेली.

हसताय काय? भर उन्हाळ्यात म्हशीचं डबकं गेलं म्हणजे काय होतं, ते तुम्हाला पंख्याखाली बसून कळायचं नाही.

तर वैशाख आला. ऊन नुसतं मी मी म्हणत होतं. चांदरी काठावर उभी राहून मीटिंगला हजर होती. या सिंहाची मीटिंग हा एक वेगळाच प्रकार होता बरं का. ती गुढीपाडव्याला सुरू झाली होती आणि अजून संपली नव्हती. कोणी मधेच उठून जेवून येई, कोणी झोप काढून येई. मीटिंग आपली चालूच.

दुपार झाली आणि चांदरीचा लॅपटॉप तापला. घुर्र घुर्र आवाज करायला लागला.

"अगं बाई, बिचारं तापलंय की!" चांदरी म्हणाली.

परिपत्रकात काय होतं? स्वतःच्या जिवासारखं जपावं. आता मला सांगा, म्हैस स्वतःचा जीव कसा जपते? चांदरीने लॅपटॉप अलगद तोंडात धरला आणि डबक्यात बुडवला. दोनदा बुडवला. मग पाठीपोटाला छान जाडजूड चिखल थापला.

लॅपटॉपने एक बुडबुडा सोडला आणि तो गार झाला.

चांदरीच्या पाठीवर धोंडोपंत नावाचा बगळा बसलेला असे. तिच्या अंगावरच्या गोचिडी वेचून खाणं हे त्याचं काम. तो टुणकन उडाला.

"अगं चांदरे, काय केलंस हे!"

"तापलं होतं हो, धोंडोपंत. आता बघा, कसं गारेगार झालंय."

"गार कसलं? गेलं ते! आता तुझी नोकरी गेली, आणि डबकंही गेलं!"

चांदरीने त्या यंत्राला नाकाने ढोसलं, चाटलं, उलटं केलं. त्यातून एक बेडूक निघाला, बाकी काही निघालं नाही. मग मात्र ती ढसाढसा रडली. डबक्याचं पाणी बोटभर वाढलं.

"माझं ऐक," धोंडोपंत म्हणाला. "अळीमिळी गुपचिळी. कोणी विचारलंच तर सांग, आलं तेव्हापासून असंच होतं."

चांदरी गप्प राहिली. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. कोणी काही विचारलं नाही. गवताचा हिशेब का येत नाही, असंही कोणी विचारलं नाही. पण चांदरीच्या घशाखाली घास उतरेना. खोटेपणा पोटात ठेवून रवंथ कसा करायचा? चार चार वेळा तोच वर येतो.

"मी जाते आणि महाराजांना खरं सांगते," शेवटी ती म्हणाली. "खाल्लं तर खाल्लं. एकदाचं मोकळं तरी वाटेल."

चिखलाने माखलेला लॅपटॉप तिने शिंगाला अडकवला आणि निघाली. धोंडोपंत कपाळाला पंख लावून पाठीवर बसला.

गुहेत मोठा पडदा लावला होता. पडद्यावर चौकोन होते आणि प्रत्येक चौकोनात एकेक जनावर होतं. समोर सिंह भाषण करत होता.

"कोण गं तू?" सिंहाने विचारलं.

"मी चांदरी, महाराज. माझ्या हातून चूक झाली. कचेरीचा लॅपटॉप बिघडला."

"चांदरी? चांदरी तर ही काय इथे आहे!"

चांदरीने पडद्याकडे पाहिलं. खरंच की! तिसऱ्या रांगेत, चौथ्या चौकोनात, तीच होती. डोळे अर्धे मिटलेले, मान जराशी कलती. लॅपटॉप बुडाला त्या क्षणी तिचं चित्र तिथेच अडकलं होतं. कोणालाच शंका आली नव्हती. म्हैस तीन आठवडे हलली नाही, यात शंका घेण्यासारखं काय आहे?

"तो नुसता फोटो आहे, महाराज," चांदरी म्हणाली.

"फोटो?" एका चौकोनातून अस्वल ओरडलं. "काहीतरीच काय! मी चांदरीबाईंकडे आठ दिवसांची रजा मागितली. त्या नाही म्हणाल्या नाहीत. मी मध खाऊनसुद्धा आलो!"

"आणि कालच मी तिला प्रधान केलं," सिंह म्हणाला. "माझं भाषण आजवर कोणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. जांभई नाही, की मधे बोलणं नाही. तो फोटो असेल?"

कोल्ह्याने मनात हिशेब केला. तो फोटो ठरला तर महाराज वेडे ठरणार. आणि महाराज वेडे ठरले तर आजच्या जेवणात कोल्हा असणार.

"परीक्षा घेऊ या, महाराज," तो घाईघाईने म्हणाला. "बोला, खरी चांदरी कोण?"

"मीच!" चांदरी कळवळून म्हणाली. "अहो महाराज, हा कपाळावरचा चांद बघा! हा चिखल बघा! धोंडोपंतांना विचारा हवं तर!"

पडद्यावरची चांदरी काहीच बोलली नाही.

"बघितलंत?" कोल्हा म्हणाला. "खरी चांदरी कधी उलट बोलते का? ही तोतया आहे!"

"मग हा लॅपटॉप?" चांदरीने विचारलं.

"प्रधानबाईंचा लॅपटॉप चालू आहे, समोर दिसतंय सगळ्यांना. तेव्हा कोणताही लॅपटॉप बिघडलेला नाही. हे चिखलाचं ढेकूळ बाहेर टाकून दे."

"आणि माझं डबकं?"

"डबकं प्रधानबाईंचं."

ज्या डबक्यासाठी चांदरी तीन आठवडे गप्प राहिली, तेच गेलं. सिंहाने मिशीवरून जीभ फिरवली. "तोतया तर तोतया. खाऊनच टाकतो."

"खा, महाराज," धोंडोपंत म्हणाला. "पण प्रधानबाई डबक्यात डुंबायला कधी येणार? जी कधीच डुंबत नाही ती कसली म्हैस, असं रानडुकरं विचारतील."

सिंहाने कोल्ह्याकडे पाहिलं. कोल्हा लगबगीने पुढे सरसावला.

"मी हेच सांगणार होतो, महाराज! प्रधानबाईंच्या जागी रोज डुंबायला कोणीतरी नेमावं लागेल. दिसायला हुबेहूब हवी. अशी दुसरी शोधून सापडायची नाही."

"काम काय असेल?" चांदरीने भीत भीत विचारलं.

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत डुंबायचं."

"आणि मीटिंग?"

"मीटिंगला प्रधानबाई आहेतच की."

त्याच दुपारी चांदरी डबक्यात शिरली. नाकपुड्या आणि शिंगं तेवढी वर राहिली. काठावरची रानडुकरं अदबीने उठली. "प्रधानबाईंना त्रास नको," असं म्हणत निघून गेली. चांदरीने डोळे अर्धे मिटले, मान जराशी कलती केली आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा पोटभर रवंथ केला.

तात्पर्य: बाळांनो, कचेरीची वस्तू आपल्या हातून मोडली, तर ती कधीही लपवू नये. ताबडतोब साहेबांकडे जाऊन खरं काय ते सांगून टाकावं. कोणी विश्वास ठेवत नाही.