तीनदा मारलेला आरसा

साताऱ्याच्या चारच्या एसटीला अजून तीन तास होते, म्हणून जवान दादासो औंधजवळच्या आपल्या गावामागचा डोंगर पळत चढला. सुट्टीत अंग जड होऊ नये म्हणून तो रोज चढायचा. आज सुट्टीचा शेवटचा दिवस. उद्या पलटणीत हजर झाला तरच नाईकाची फीत मिळणार होती, नाहीतर ती दुसऱ्याच्या बाहीवर जाणार. उतरताना त्याचा पाय दोन दगडांत गेला आणि घोट्याच्या जागी नारळ आला.

त्याने हाका मारल्या. खाली चरणाऱ्या एका म्हशीने वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

मग त्याला ट्रेनिंग आठवलं. खिशात कंगव्याबरोबर गोल आरसा होता. सगळ्यात जवळच्या घरावर त्याने तीनदा कवडसा मारला. तीनदा म्हणजे मदत पाहिजे, हे फौजेत शिकवतात. गावात मात्र घरावर आरसा मारण्याचा एकच अर्थ होता. त्यातून ते घर आकारामचं, आणि माळवदावर त्याची लग्नाची लेक कुरडया वाळत घालत होती.

लेकीच्या तोंडावर उजेड नाचला. तिच्या आईने, शालूबाईने, डोंगराकडे बघून दोन सणसणीत शिव्या दिल्या आणि लेकीसकट कुरडया मागच्या अंगणात नेल्या. दादासोला वाटलं, आपल्याला पाहिलं, आता माणसं बोलवायला गेल्या. तरी खात्री असावी म्हणून त्याने मागच्या अंगणातही तीनदा मारला.

उद्या वडूजचे पाहुणे मुलगी बघायला यायचे होते. आकारामने भावकी गोळा केली. नऊ माणसं काठ्या घेऊन डोंगर चढताना दिसली तेव्हा दादासोचे डोळे भरून आले. काठ्यांची डोली करायचं पलटणीतसुद्धा इतक्या लवकर कुणाला सुचत नाही. वाट चुकू नये म्हणून तो त्यांच्यावर कवडसा धरून बसला.

"कुणाच्या पोरीवर आरसा मारतूयस रं?" वर पोचताच आकारामने विचारलं.

"पोरीवर न्हाई तात्या, घरावर. मदत पायजे असली की तीनदा मारायचा, तसा नेमच हाय."

"आमच्या येळंला एकदाच मारायचो," आकारामचा थोरला भाऊ मागून म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिलं, तेव्हा तो स्वतःची काठी निरखू लागला.

आकारामने घोटा काठीने दाबून पाहिला. किंकाळी अस्सल निघाली. पाय खरा ठरला, आरसा नाही. लंगड्याला मारणं बरं दिसत नाही, तेव्हा सूज उतरेपर्यंत थांबायचं ठरलं. मंडळी खाली बसली, तंबाखू निघाली. दादासो सारखा घड्याळ बघत होता. सव्वातीन झाले.

"तात्या, मारायचं तर आत्ताच मारा," तो शेवटी म्हणाला. "चारची गाडी चुकली तर पाय बरा हुईस्तवर म्हैनाभर गावातच पडून ऱ्हावं लागंल मला."

तंबाखू मळणारे हात थांबले. नऊच्या नऊ जण उठले.

काठ्यांची डोली झाली आणि उतारावरून अशी पळाली की दादासोने डोळे मिटून घेतले. एक पुतण्या पुढे धावला. डोली थांब्यावर पोचली तेव्हा दादासोची ट्रंक डोक्यावर घेऊन शालूबाई उभीच होती. निम्मं गाव लोटलेलं बघून दादासोच्या आईने पदर डोळ्यांना लावला.

गाडी हलली होती. आकाराम काठी आडवी धरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. कचकन ब्रेक लागला. कंडक्टरने डोकं बाहेर काढून गर्दीवर नजर टाकली आणि किती जण यायचे, असं घाबरून विचारलं.

"येकच," आकाराम म्हणाला, "पर त्यो जाया पायजे."